सतरा नंबरचा डबा

पाथरदऱ्याच्या शाळेसमोर गाडी उभी केली की ईश्वरी गभाले आधी नाकाखाली पुदिन्याचं मलम चोळायची. मग एकावर एक दोन हातमोजे, मग मास्क. त्यानंतर ती गाडीतल्या शीतपेटीचं झाकण उघडून आतले पांढरे डबे मोजायची. एकोणीस घरं, एकोणीस डबे. प्रत्येक डब्यावर नंबर, तारीख आणि एक छापील चित्र होतं. हिरवं शेत, त्यात विळा घेऊन हसणारी बाई, आणि खाली ओळ: ‘लहान शेतातून जगाच्या ताटात’.

डब्यात जे जमा व्हायचं ते शेतात पिकत नव्हतं. ते शेतकऱ्याच्या पोटातून यायचं.

“आली गं आमची कलेक्टरीण!” सतरा नंबरच्या घरातून ठकूबाईचा आवाज आला. “ये, तुझं सोनं तयार ठेवलंय. अजून गरम हाय.”

“आत्या, सकाळी सकाळी नको ना.”

“मंग कव्हा? सांजच्याला होत नाय मला.”

ठकूबाई ही ईश्वरीची सख्खी आत्या. आश्रमशाळा पाथरदऱ्यात होती म्हणून ईश्वरी चौथीपासून दहावीपर्यंत हिच्याच घरी राहिली, हिच्याच हातची नागलीची भाकरी खाऊन शिकली आणि पुढे पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली. शिक्षणाचं फळ म्हणून तिला नोकरी मिळाली ती आत्याचा मैला गोळा करण्याची. कंपनीच्या कागदावर तिचं पद ‘मूलद्रव्य संकलन सहायक’ असं होतं. मैला हा शब्द कंपनीत कोणीच उच्चारत नसे. न उच्चारता तो विकत मात्र सगळेच होते.

ईश्वरीने डबा दोन बोटांत धरून पिशवीत टाकला, पिशवीचं तोंड बांधलं, हातमोज्यांवर जंतुनाशक फवारलं. ठकूबाई उंबऱ्यावर बसून हे सगळं गमतीने पाहत होती.

“लहानपणी माझ्या मांडीवर हगायचीस तेव्हा मी नव्हते हातमोजे घातले,” ती म्हणाली.

ईश्वरी हसली, पण मास्कच्या आत तिचं तोंड वाकडंच झालं होतं.

*

आठ वर्षांपूर्वी टाकीचं पीठ आलं. त्यामागचं विज्ञान ईश्वरीला अजूनही सुंदर वाटे. विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढायचा आणि तो टाकीत वाढवलेल्या एका विशिष्ट जिवाणूला खाऊ घालायचा. कार्बन आणि नायट्रोजन तो जिवाणू हवेतूनच ओढून घेतो, काही तासांत दुप्पट होतो, आणि वाळवला की पिवळसर पीठ उरतं. त्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं. जमीन नको, पाऊस नको, शेतकरी नको. शहरांनी ते डोक्यावर घेतलं. पोळ्या त्याच्या, नूडल्स त्याच्या, बाळांचं दूधही त्याचंच. डोंगरातल्या अर्ध्या-एक एकरात पंधरा प्रकारची धान्यं लावणाऱ्या लोकांची आता जगाला गरज उरली नाही, असं तेव्हा पुष्कळ शहाण्यांनी लिहिलं होतं.

पिठाचा दोष एवढाच, की ते फार शुद्ध होतं. लहान आतड्याच्या पहिल्या काही फुटांतच ते शोषलं जाई, पुढे काहीच पोचत नसे. पुढे मोठ्या आतड्यात शेकडो जातींचे जिवाणू राहतात. आपल्याला न पचणाऱ्या कोंड्यावर, सालींवर, देठांवर ते जगतात, आणि त्या बदल्यात आतड्याच्या पेशींना पोसतात. त्यांना खायला मिळेना. काही जाती उपासमारीने मेल्या. ज्या उरल्या त्यांनी आतड्याचं बुळबुळीत अस्तरच खायला घेतलं. आईच्या पोटात जी जात उरली नाही ती बाळाच्या पोटात येणार कुठून? चार-पाच वर्षांत अशी मुलं दिसू लागली, जी पोटभर जेवत आणि वाळत जात. काटकुळे हात, ताणलेलं पोट, आणि त्यांच्या तोंडाला येणारा एक गोडसर कुजका वास. डॉक्टरांनी त्याला ‘उपाशी आतडं’ असं नाव दिलं.

उपाय जुनाच होता. ज्याच्या पोटात ही वस्ती शाबूत आहे, त्याच्या पोटातली वस्ती उचलून आजारी पोटात सोडायची. प्रयोगशाळेत ती वाढवता येते, पण थोडेच दिवस. या जाती एकमेकींच्या उष्ट्यावर जगतात. टाकीत आठवडाभर बरी चालतात, मग एखादी जात बाकीच्यांना गिळून टाकते. म्हणून दर आठवड्याला ताजं विरजण लागतं. असं विरजण मिळणार ते आपल्याच शेतातलं, वीस-तीस प्रकारचं खाणाऱ्या माणसाच्या पोटात. तशी माणसं फक्त लहान शेतांवर उरली होती.

‘मूलांश’ कंपनीने ती शोधून काढली. पाथरदऱ्याच्या एकतीस घरांपैकी एकोणीस घरांशी करार केला. दात्याने फक्त स्वतःच्या शेतातलं खायचं, दुसऱ्याच्या घरचं काही खायचं-प्यायचं नाही, आणि कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय प्रतिजैविक औषध घ्यायचं नाही. हे शेवटचं कलम नववं होतं. प्रतिजैविकाचा एक आठवडा, की पोटातली सगळी वस्ती उठते.

ठकूबाईने अंगठा उठवला तो एकाच कारणासाठी. नाशिकला राहणाऱ्या तिच्या भाच्याची, म्हणजे ईश्वरीचा भाऊ तुषार याची तेव्हा साडेतीन वर्षांची असलेली मुलगी जुई उपाशी आतड्याने वाळत चालली होती. दात्यांच्या विरजणापासून केलेल्या कॅप्सूल त्यांच्या नात्यातल्या मुलांना आधी मिळत. जुई दीड वर्ष त्या कॅप्सूलवर जगत होती. हात भरले नव्हते, पण वाळायचे थांबले होते.

*

कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीत भिंतीतल्या छोट्या यंत्रातून सतत व्हॅनिलाचा वास सोडलेला असे. त्या वासाने ईश्वरीला डब्यांपेक्षा जास्त मळमळायचं. डब्याला निदान स्वतःचा वास होता.

“बघ,” कौस्तुभ सर म्हणाले. ते शिक्षणाने डॉक्टर होते आणि संकलन विभागाचे प्रमुख. पडद्यावर एकोणीस रेघा होत्या. “करार झाला तेव्हा प्रत्येक दात्यात सरासरी तीनशे दहा जाती. आज एकशे नव्वद. दीड वर्षात मूलद्रव्याची वाट लागली आहे. कोणीतरी चोरून बिस्किटं खातंय.”

“एकोणीसपैकी अठरा जण एकदम बिस्किटं खायला लागले, सर?”

“अठरा?”

“ही रेघ घसरलेली नाही. सतरा नंबर. उलट वाढली आहे. तीनशे चाळीस.”

सरांनी कॉफीचा घोट घेतला. “तर मग हा सतरा नंबर प्रामाणिक आहे आणि बाकीचे चोर. शोधून काढ. तू त्यांच्यातलीच आहेस, तुला त्यांच्या सवयी जास्त कळतात.” त्यांनी बोलता बोलता हाताला जंतुनाशक लावलं. ईश्वरीशी बोलताना ते नेहमीच लावत. तिने आजवर ते मनाला लावून घेतलं नव्हतं.

*

चैत्रात पाथरदऱ्यात पडकई चालते. एकाच्या उतारावरची जमीन सगळ्यांनी मिळून खणायची, दगड काढायचे, बांध घालायचा आणि भाताचं खाचर तयार करायचं. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मजुरी नाही, पण एक नियम आहे. प्रत्येक घराने येताना आपली नागलीची आंबील आणायची आणि ती बांधावरच्या एकाच मोठ्या मडक्यात ओतायची. दुपारी सगळ्यांनी त्यातलीच प्यायची. ज्याची आंबील मडक्यात नाही, त्याची कुदळ शेतात नाही, आणि त्याच्या शेतात कुणाची कुदळ नाही.

करार झाला तशी करारातली घरं पडकईतून उठली, कारण दुसऱ्याच्या घरची आंबील करारात बसत नव्हती. त्यांनी भाड्याने यंत्र आणून खाचरं नीट करायचा प्रयत्न केला. यंत्र उतारावर चढलं नाही. शेवटी घरोघरी नवरा-बायको दोघंच खणत बसली. लग्नात ही माणसं घरून डबा आणत आणि मांडवाच्या कडेला पाठ करून जेवत. उरलेली बारा घरं त्यांना ‘डबेवाले’ म्हणू लागली. सख्ख्या भावांतली बोलणी बंद झाली होती. गाव दोन तुकड्यांत फाटलं होतं. ईश्वरीच्या अहवालात यातलं काही नव्हतं, कारण अहवालात त्याचा रकानाच नव्हता.

चोर शोधायला ती दुपारच्या उन्हात डोंगर चढून वर आली, तर किसन धिंदळ्याच्या नव्या खाचरात कुदळ मारणाऱ्यांत तिला ठकूआत्या दिसली. पायात काही नाही. उजव्या पावलाला हळदीने पिवळी झालेली चिंधी गुंडाळलेली.

“पायाला काय झालं?”

“कुदळीची चाटून गेली. काय नाय.”

“आणि तू इथे काय करतेस? तू करारातली आहेस.”

किसन पन्नाशीचा, पडकईचा म्होरक्या. तो फावड्यावर रेलून म्हणाला, “कलेक्टरीणबाई, तुझी आत्या रोज येती. डबा तुमचा भरती आन मडकं आमचं. दोन्हीकडची लाडकी.”

“रोज? कधीपासून?”

“कव्हा खंड पडला? आमी म्हणलं, ठकूबाय, करार मोडंल. ती म्हणली, करार कंपनीशी हाय, पडकई सासऱ्यापासून हाय.”

मडकं भिजल्या गोणपाटात गुंडाळून सावलीला ठेवलं होतं. किसनने झाकण काढलं. आंबूस, कोमट, ओल्या जमिनीसारखी वाफ वर आली. वर पांढरट फेस, फेसात गवताची दोन पातं आणि एक माशी. किसनने माशी बोटाने काढून झटकली. त्याच मातीच्या हाताने वाटी बुडवली, प्याला, तीच वाटी पुढच्या बाईला दिली. ती प्यायली, पुढे दिली. वाटी कोणी धुतली नाही. वाटीच्या काठाला सगळ्यांच्या ओठांची माती लागली होती.

वाटी ईश्वरीपर्यंत आली. तिने हात मागे घेतले.

“पोट ठीक नाहीये माझं,” ती म्हणाली.

“पुण्याला गेलं की सगळ्यांचंच बिघाडतं,” किसन म्हणाला. लोक हसले.

ठकूबाईने ती वाटी घेतली आणि एका दमात रिकामी केली. तिचा कंठ वरखाली होताना ईश्वरी बघत राहिली. तिला अजून किळसच येत होती, पण किळसेच्या मागे डोक्यात रेघा जुळायला लागल्या होत्या. एकोणीस रेघा, त्यातली एकच वर.

नागलीचं पीठ शिजवून गार करायचं, त्यात कालच्या आंबिलीचा तळ घालायचा आणि रात्रभर आंबू द्यायचं. आंबल्यावर पुन्हा शिजवत नाहीत, तशीच गार पितात. म्हणजे ती जिवंत असते. आतड्यातले बरेच जिवाणू हवेत मरतात, पण त्यांतले कितीतरी टणक कवचाचे बीजाणू करून टिकतात. ते मातीत असतात, हातावर असतात, वाटीच्या काठावर असतात. एका माणसाच्या पोटातून एखादी जात कधीतरी जातेच. तापात जाते, जुलाबात जाते. ती परत येते शेजाऱ्याच्या पोटातून, हातावाटे, मडक्यावाटे. एकतीस शेतांत एकतीस तऱ्हेची पिकं. एकाकडे वरई, दुसऱ्याकडे हुलगे, तिसऱ्याच्या बांधाला वाल आणि खुरासणी. एकतीस पोटं, आणि त्यांच्यामधून फिरणारी एक वाटी. ती वस्ती कुणा एकाच्या पोटात नव्हतीच. ती गावात होती.

कंपनीने स्वच्छतेसाठी माणसं एकमेकांपासून तोडली, आणि जे विकत घ्यायला आली होती तेच मारलं.

*

ईश्वरीने अकरा पानांचा अहवाल लिहिला. आलेख, तक्ते, प्रत्येक घराची पिकं, सगळं. आणि शिकलेली माणसं करतात ती चूक केली. जे खरं ते सगळं लिहिलं. ‘दाता क्रमांक १७ करार मोडतो, म्हणूनच त्याचे मूलद्रव्य उत्तम आहे.’

कौस्तुभ सरांनी तो वाचला. “उत्कृष्ट,” ते म्हणाले. “पण मी नियामकांना काय लिहू? दात्यांनी एकमेकांचं उष्टं खावं?”

“तेच लिहा, सर. सोप्या भाषेत तेच आहे.”

“शी.” त्यांनी खरोखरच ओठ मुरडले. “पालक कॅप्सूल मुलांच्या तोंडात घालतात, ईश्वरी. त्यांना विळा घेतलेली बाई दाखवावी लागते, मडक्यातली माशी नाही. हे बघ, आपल्याला एकोणीस दाते लागतातच कशाला? सतरा नंबर एकटा सगळ्या टाक्यांना विरजण पुरवू शकतो. बाकीचे करार संपवू. तिला घरात ठेवू. बाहेर जाणं बंद, एक परिचारिका सोबत, दिवसाला दोन वेळा संकलन. गरज पडली तर सौम्य रेचक.”

“घरात कोंडलं तर तिचीही रेघ घसरेल. तेच तर लिहिलंय मी.”

“घसरायला दीड वर्ष लागतं. तुझाच आलेख आहे.” त्यांनी पान उलटून तिला दाखवलं. “तोवर दुसरी वाडी सापडेल.”

व्हॅनिलाचा वास सुटला. ईश्वरी बाहेर जाऊन बेसिनवर वाकली. काही पडलं नाही. तिने चूळ भरली आणि आरशात पाहिलं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, त्यावर विळा घेतलेली बाई हसत होती.

*

ठकूबाईचं बाहेर जाणं बंद झाल्यावर दोन आठवड्यांनी सकाळी ईश्वरी डबा न्यायला गेली तेव्हा दारातच तिला वास आला. पुदिन्याचं मलम होतं तरी आला. हा डब्याचा वास नव्हता.

ठकूबाई अंथरुणावर होती. पाऊल फुगून चकाकत होतं. चिंधीखालची कातडी काळी-निळी, कडेला पिवळा पू, आणि तिथून एक लाल रेघ पोटरीवरून गुडघ्याकडे चढत होती. अंग भाजत होतं. कोपऱ्यात कंपनीची परिचारिका फोनवर होती. कॉटखाली दोन भरलेले डबे ठेवलेले होते. तापातसुद्धा रेचक देऊन भरलेले.

“चार दिवस झाले,” परिचारिका म्हणाली. “मी कळवलंय वरती.”

ईश्वरीने कौस्तुभ सरांना फोन लावला.

“माहिती आहे,” ते म्हणाले. “पायाला सूज आहे. बाहत्तर तास धीर धर. तेवढ्यात सहा संकलनं करून साठा गोठवून ठेवू, मग खुशाल औषध द्या. आत्ता दिलं तर सतरा नंबर संपेल.”

“विष अंगात चढतंय, सर. रेघ गुडघ्याला लागली आहे. तुम्ही डॉक्टर आहात.”

“मी बेचाळीस लाख मुलांचा डॉक्टर आहे. त्यात तुझ्या भावाची मुलगीही आहे ना? काय नाव तिचं?”

ईश्वरीने नाव सांगितलं नाही. फोन ठेवला आणि आत्याजवळ बसली. “आत्या, उठ. उपकेंद्रात जाऊ. सुई घ्यायची.”

“नको.” ठकूबाईचे ओठ सुकून चिरले होते. “कलम नववं. मला पाठ हाय. सुई घेतली की पोरीच्या गोळ्या बंद.”

“पाय जाईल तुझा. जीव जाईल.”

“पासष्टीचा पाय. जुई पाच वर्सांची हाय.”

ईश्वरी त्या पावलाकडे बघत राहिली. खरं बोलायची सवय तिला एकदा नडली होती. तरी ती खरंच बोलली.

“ऐक. तू इथे कोंडून राहिलीस तर वर्ष-दीड वर्षात तुझाही डबा निकामी होणार. मग गोळ्या तशाही बंद. त्या दीड वर्षासाठी ते तुझा पाय मागतायत. तुझ्या पोटात जे आहे ते तुझं एकटीचं नाहीच. ते मडक्यातलं आहे. किसनमामाकडे आहे, त्या बारा घरांत आहे. तुझ्या पोटातलं मेलं तरी तिथलं मरत नाही.”

तापाने ठकूबाईचे डोळे लाल झाले होते, पण त्यात हसण्यासारखं काहीतरी चमकलं.

“मंग येडे,” ती म्हणाली, “पोरीलाच आण की हितं. माझ्या ढुंगणातून काढून, पुण्याला नेऊन, डबीत घालून तिच्या तोंडात घालायचं. त्यापरीस सरळ मडक्यातून दे.”

उपकेंद्रातल्या अलका सिस्टरने आरोग्यपत्रावरचा निळा शिक्का बघून हात मागे घेतला. “करारातली आहे. कंपनीच्या माणसाची सही असल्याशिवाय मला देता येत नाही.”

“मी कंपनीची माणूस आहे,” ईश्वरी म्हणाली.

“तुम्हाला अधिकार आहे?”

“नाही.”

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि कागद पुढे सरकवला. ईश्वरीने पूर्ण नाव लिहिलं, खाली पद लिहिलं, सही केली. त्या पदाची ती शेवटची सही असणार हे तिला माहीत होतं. सुई आत गेली तेव्हा घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. पुढच्या सात दिवसांत तीनशे चाळीस जाती मरणार होत्या. तिला त्यांतल्या निदान पन्नासांची नावं तोंडपाठ होती.

परत आल्यावर तिने कॉटखालचे दोन्ही डबे उचलले. परिचारिका ओरडली, “अहो, ते मूलद्रव्य आहे!”

“गू आहे तो,” ईश्वरी म्हणाली. तिने मागच्या दारी जाऊन दोन्ही डबे उकिरड्यावर उपडे केले आणि वरून शेण आणि पालापाचोळा लोटला.

*

ठकूबाईचा पाय वाचला. दोन बोटं गेली. ईश्वरीची नोकरी गेली ती त्याच आठवड्यात. कंपनीने पाथरदरा सोडला आणि दुसऱ्या जिल्ह्यात तशीच एक वाडी शोधली, हे तिला कॅप्सूलच्या पाकिटांवरून कळलं. चित्र तेच होतं, फक्त बाईच्या साडीचा रंग बदलला होता. तिने अकरा पानांचा अहवाल जिथे जिथे पाठवता येईल तिथे पाठवला. तीन ठिकाणांहून पोच आली. एका मोठ्या संस्थेने उत्तर लिहिलं, की निष्कर्ष रोचक आहेत, परंतु मडक्याचे प्रमाणीकरण शक्य आहे काय?

तुषारला समजावायला महिना लागला. “आमची पोरगी आजारी, आणि तू तिला माशा पडलेलं पाजणार?” तो फोनवर म्हणाला. ईश्वरीही पूर्वी हेच म्हणाली असती. मग कॅप्सूल आल्या नाहीत, जुईचं वजन पुन्हा उतरलं आणि तो स्वतःच तिला पाथरदऱ्यात घेऊन आला.

किसनच्या घरची आंबील आणि भाकरी सुरू केल्यावर पहिले पंधरा दिवस वाईट गेले. जुईला जुलाब झाले, पोट फुगलं, ती भाकरीचा तुकडा चघळून भिंतीवर थुंकायची. ईश्वरी रोज तिचं पोट दाबून बघायची, वहीत लिहायची आणि घाबरायची. हे लागू पडेलच असं विज्ञान तिला सांगत नव्हतं. एवढंच सांगत होतं, की पडू शकतं. तिसऱ्या आठवड्यात तोंडाचा तो गोडसर कुजका वास थोडा कमी झाला. थोडाच.

पुढल्या चैत्रात पडकई सुरू झाली तेव्हा बारा घरं आली आणि जुन्या ‘डबेवाल्यां’तली सात. ती सात माणसं आपापली आंबील हातात घेऊन मडक्यापासून दहा पावलांवर उभी राहिली.

“आता काय आरती करू का?” किसन म्हणाला. “वता की.”

त्यांनी ओतली.

दुपारी वाटी फिरत फिरत जुईपाशी आली. तिने आत डोकावून पाहिलं. नाक दाबलं. “शी! याला घरच्या आंबिलीपेक्षा जास्त वास येतो. सगळ्यांचे हात लागलेत. घाण आहे हे.”

“घाण म्हणती!” काठी टेकून बांधावर बसलेली ठकूबाई मोठ्याने हसली. “अगं भवाने, दीड वर्स माझं काय काय गिळलंस ते इचार तुझ्या आत्याला.”

सगळा बांध हसला. जुईला काही कळलं नाही. तिने ईश्वरीकडे पाहिलं. “काय गिळलं, आत्या?”

“मग सांगते,” ईश्वरी म्हणाली. “आधी एक घोट.”

जुईने डोळे घट्ट मिटले, घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि अर्धा मातीत थुंकला. अर्धा मात्र आत गेला. तिच्या हाडकुळ्या गळ्यातून तो खाली उतरताना स्पष्ट दिसला.

“थुंक, थुंक,” ठकूबाई म्हणाली. “उद्या परत.”

वाटी ईश्वरीच्या हातात आली. काठावर जुईची लाळ, किसनच्या हातची माती, आणि तळाशी काहीतरी काळं, जे तिने नीट बघायचं टाळलं. पाण्याची बादली हाताच्या अंतरावर होती. पोटातून ती जुनी किळस वर आली, घशाशी थांबली. ती गेली नाही, आणि कधी जाईल असंही तिला वाटलं नाही.

ती तशीच प्यायली. वाटी न धुता पुढच्याला दिली.